मागच्या बाकांचा वन्समोअर

"जायचंच नाय, तर सकाळी रुमाल कशाला धुवायला टाकला?" प्रतिभानं दोरीवरचा लाल रुमाल ओढून नवऱ्याच्या मांडीवर टाकला.

रंगनाथनं पाटी उचलली, 'मळला होता' असं लिहून तिला दाखवलं आणि अंगठ्यानं पुसून टाकलं. पाटी निकिताची, त्याच्या नातीची. तंबाखूनं घसा खाल्ला आणि गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, तेव्हापासून पाटी आजोबांकडे होती. गळ्याला राहिलेल्या भोकावर तो हाच लाल रुमाल सैल बांधायचा.

"मळला म्हणं. मैनाताई आजच्यानंतर गाणार नाय, पेपरात आलंय. ऱ्हावा मग घरी, माझं तोंड बघत."

तो गेला. जाणार हे प्रतिभाला पेपरात बातमी आली त्या दिवशीच ठाऊक होतं.

मैनाताई गायच्या तो गोदारंग ऑर्केस्ट्रा नाशकात जोरात होता तेव्हा, म्हणजे नव्वद-ब्याण्णव सालापासून पुढं, रंगनाथ पंचवटीच्या मार्केटात भाजीचा लिलाव पुकारायचा. आवाज असा, की भाव ऐकायला रस्त्यापलीकडचा माणूसही मान वळवायचा. मार्केटातली तीस-पस्तीस माणसं गोदारंगच्या प्रत्येक कार्यक्रमाला जात, सगळ्यात मागं बसत आणि सगळ्यांच्या गळ्यात लाल रुमाल. लोक त्यांना 'मागची बाकं' म्हणायचे. एका प्राध्यापकांनी त्यांच्यावर पेपरात लेखच लिहिला. ही उपसंस्कृती आहे, लाल रंग हे विद्रोहाचं चिन्ह आहे, असं बरंच काही. नाथा हमालानं तो लेख दोनदा वाचून घेतला आणि म्हणाला, "टमाट्याचे डाग दिसू नये म्हणून लाल घेतो, ते कुठं लिहिलंय?" तरी कात्रण त्यानं खिशात जपून ठेवलं होतं.

मागच्या बाकांचे नियम मात्र खरोखरच होते. मैनाताई गाताना शिट्टी नाही. आणि वन्समोअर एकानंच मागायचा, रंगनाथनं. एकदा सगळे मिळून ओरडले, कुणी हे गाणं, कुणी ते, तेव्हा बाई कानांवर हात ठेवून आत निघून गेल्या होत्या. त्या रात्री हा नियम झाला आणि तो कधी मोडला नाही. शेवटचं नावाड्याचं गाणं संपलं की बाई थांबायच्या. मागून रंगनाथची आरोळी यायची. मग त्या हसून तेच गाणं पुन्हा घ्यायच्या, आणि ते पहिल्यापेक्षा वेगळं असायचं. कुठं थांबतील, कुठं खाली येतील, सांगता यायचं नाही. खरं गाणं ते दुसरंच, असं रंगनाथ म्हणायचा.

कालिदास नाट्यगृहात दुपारी चारचा खेळ होता. नाथानं कडेची खुर्ची राखून ठेवली होती. आता मागच्या बाकांवर नऊजणच उरले होते.

"बसा दादा. मला माहीत व्हतं तुमी येनार," नाथा म्हणाला आणि त्यानं आपल्या रुमालाची गाठ सारखी केली.

मैनाताई थकल्या होत्या. वरचा सूर लागत नव्हता, पण नावाड्याचं गाणं त्यांनी खालच्या पट्टीत घेतलं आणि रंगनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गाणं संपलं. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, थांबवल्या. बाई माईकपाशी तशाच उभ्या राहिल्या. दिव्यांच्या झोतात त्यांना काही दिसत नसावं. त्यांनी कपाळावर हात आडवा धरून मागं पाहिलं.

सवयीनं रंगनाथनं छाती भरून घेतली, तोंड उघडलं. रुमाल तेवढा फडफडला.

त्यानं नाथाला कोपर मारलं, त्याच्या तोंडाकडं बोट दाखवलं. नाथानं मान खाली घातली. पलीकडचा रावजीही खालीच बघत होता. नऊ माणसं लाल रुमाल बांधून गप्प बसली होती. रंगनाथनं घाईघाईनं पाटीवर मोठ्या अक्षरांत 'वन्समोअर' लिहिलं, उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरली. पण मागं सगळा अंधार होता.

बाई थोडा वेळ पाहत राहिल्या. आपली माणसं आली नाहीत, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी हात जोडले आणि पडदा पडला.

लोक बाहेर पडायला लागले तरी रंगनाथ पाटी धरून उभाच होता. नाथानं हलकेच त्याचे हात खाली घेतले.

"तुमी इथं बसलेले असताना आमी कसं वरडायचं, दादा? तुमची जागा हाय ती." त्यानं पडलेल्या पडद्याकडं पाहिलं. "चुकलं का आमचं?"

रंगनाथला त्याला सांगायचं होतं. खूप सांगायचं होतं. त्यानं खडू काढला, अंगठा पाटीवर नेला, आणि तिथला शब्द पाहून तो थांबला. त्यानं खडू खिशात टाकला आणि नाथाच्या खांद्यावर हात ठेवला.

मग पाटी त्यानं पिशवीत ठेवली, अक्षरं घासली जाऊ नयेत म्हणून हातानं कडा धरून. बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं, काका?"

रंगनाथनं नदीपलीकडं, पंचवटीतल्या घराकडं बोट दाखवलं.