वहिनींच्या सुरीची मूठ

भावजी पॉलिशच्या धंद्यातले, म्हणजे चकाकीचे वेडे. त्यांनी हात फिरवलेल्या टेबलात बघून खुशाल दाढी करावी! पण वहिनींच्या सुरीच्या मुठीनं त्यांच्या नाकी नऊ आणले.

झालं असं, संधिवातानं वहिनींची बोटं आखडली होती. सुरी सटकली आणि अंगठा चांगलाच कापला. मुलगा घाबरला, त्यानं घरातल्या सगळ्या सुऱ्या उचलून ठेवल्या. "बस झालं आता, आई." तेव्हापासून वहिनी आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या बसून असायच्या. भावजींना ते बघवेना. त्यांची आई गेली तेव्हा ते शाळेत होते आणि नव्यानं घरात आलेल्या याच बाईनं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यांनी पुतण्याला गळ घातली, "मूठ मी करून देतो. सटकली नाही, तर सुरी तुझ्या आईच्या हातात द्यायची." तो कसाबसा तयार झाला.

भावजींनी त्या बोटांत बसेल अशी जाडसर मूठ घडवली आणि सवयीनं तिला वॉर्निश फासलं. वहिनींनी ओल्या हातात धरली मात्र, मूठ धाडकन सिंकमध्ये! पातं अजून बसवलं नव्हतं म्हणून बरं.

"भावजी, ही काय शोकेसमध्ये ठेवायचीय?" वहिनी हसल्या. मुलगा हसला नाही.

"काका, खाण्याचं तेल चोळा की."

"ते वाळत नाही रे बाबा. चिकट राहतं, वर खवट वास मारतं."

भावजींनी वॉर्निश घासून काढलं आणि लाकडात मुरून वाळणारं जवसाचं तेल घेतलं. पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसून टाकायचं आणि वाळेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसणं आणि भावजी! रोज मूठ गालाला लावून बघत, जरा चिकट लागली की चरफडत परत ठेवत. शेवटी ती वाळली खरी, पण चमक नावालाही नाही. गिऱ्हाइकाला दाखवायची सोय नव्हती.

पातं बसवून त्यांनी सुरी आणली. वहिनींनी नळाखाली हात भिजवले, वर साबण लावला आणि मूठ धरली. ती जागची हलली नाही. मुलानं कोबी पुढे सरकवला. बघता बघता ढीग पडला.

"भावजी, फार उपकार झाले हो," वहिनी म्हणाल्या.

भावजी उखडलेच. "उपकार? माझ्या ताटात आधी वाढलंत आणि मग स्वतःचं बघितलंत तुम्ही! त्याबद्दल मी एका शब्दानं कधी आभार मानले नाहीत. आणि एवढ्याशा लाकडासाठी माझे उपकार मानता?"

वहिनींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. पण एका हातात कोबी, दुसऱ्यात सुरी, आणि सुरी काही त्या खाली ठेवेनात. शेवटी मुलानंच पुढे होऊन आपल्या बाहीनं त्यांचे डोळे पुसले.