चार पॉइंट दोन

मी एक जुनी पेटी आहे. वाजवायची पेटी नव्हे आणि कपडे ठेवायची ट्रंकही नव्हे. नाशिकच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं काढली. आता त्याच खोलीत कपाटावर आहे. 'मित्रांनो' म्हणून सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणून मीही म्हणते, मित्रांनो. पण तुमच्यापैकी बहुतेकांशी माझी मैत्री नाही. मला तुमचा राग आहे, आणि तो लपवायचं वय माझं राहिलेलं नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिकडे शाळा-कॉलेजांची उपकरणं बनवणारे कारखाने आहेत. करड्या पत्र्याची पेटी, आत एका टोकाला बल्ब, दुसऱ्या टोकाला काचेची नळी, मधे रंगीत काच सरकवायची खाच आणि वर काट्याचं मीटर, एवढाच माझा संसार. नळीत धातूचा पातळ थर आहे. त्यावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि काटा हलतो. लाल, पिवळी, हिरवी आणि निळी अशा चार काचा माझ्याबरोबर आल्या. मी नवी होते तेव्हा दिसायला बरी होते, हेही सांगून ठेवते.

मला खोक्यातून काढलं ते इंदिरा मॅडमनी. बाई शिकवायच्या म्हणजे काय शिकवायच्या. खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायच्या, पोरांना माझ्याभोवती गोळा करायच्या आणि म्हणायच्या, "उजेड ही नुसती लाट असती तर ती पुरासारखी वागली असती. गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढलं की धक्काही तसाच वाढतो. आता बघा."

मग त्या लाल काच लावायच्या आणि बल्ब वाढवत न्यायच्या. काटा पुढे जायचा, कारण जास्त इलेक्ट्रॉन सुटायचे. पण एकेका इलेक्ट्रॉनचा जोर मात्र वाढायचा नाही. उलटा विद्युतदाब देऊन त्यांना अडवलं की सगळे तेवढ्याच दाबाला थांबायचे. निळी काच लावली की उजेड मंद असला तरी इलेक्ट्रॉन जोरात यायचे आणि त्यांना अडवायला जास्त दाब लागायचा. मॅडम सांगायच्या की उजेड सुट्या दाण्यांनी येतो. चिंचेच्या झाडावर लहान खडे कितीही मारले तरी एकेका खड्याचा मार तेवढाच राहतो. लाल उजेडाचे दाणे लहान खड्यांसारखे आणि निळ्याचे मोठ्या दगडांसारखे. दाण्याचा जोर रंगावरून कसा ठरतो ते सांगणारा एक आकडा निसर्गात आहे. दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग सहाशे त्रेसष्ट. शून्यांचा जाच टाळायला पोरं त्याला 'सहा पॉइंट सहा' म्हणतात. चार काचांची चार रीडिंग घेतली, आलेख काढला की तो आकडा माझ्यातून बाहेर येतो.

पण मॅडमचा जीव त्याच्या पुढच्या गोष्टीत होता. त्या म्हणायच्या, "आता पुढचा कुठला इलेक्ट्रॉन सुटेल, मला सांगा." पोरं म्हणायची, माहीत नाही. "माहीत नाही असं नव्हे. ते ठरलेलंच नाही. हजारांतून किती सुटतील ते सांगता येतं. पुढचा कुठला, हे निसर्गालाही आधी ठाऊक नसतं, असं बहुतेक जाणकार मानतात. काहीजण अजून भांडतात. भांडू दे."

मॅडम दोन फटींचा प्रयोगही सांगायच्या. उजेडाचा एकेकच दाणा दोन फटींकडे सोडला, तरी हळूहळू पडद्यावर लाटांचे असतात तसे पट्टे उमटतात, जणू प्रत्येक दाणा दोन्ही फटींचा हिशेब ठेवून आला. दाणा कुठल्या फटीतून गेला ते तपासायची सोय केली की पट्टे जातात. म्हणजे तपासण्याआधी 'या फटीतून' किंवा 'त्या फटीतून' असं उत्तर तयार होऊन कुठे बसलेलं नसतं. विचारलं की ते घडतं. यावर एका पोराने विचारलं होतं, "मग मॅडम, आपल्या मनाने जग बदलतं ना? एका शिबिरात तसं सांगत होते." मॅडम त्याच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तपासणं म्हणजे डोळे वटारून बघणं नव्हे रे. मीटरचा काटा हलला, फिल्मवर ठिपका उमटला, की झालं तपासून. तिथे माणूस नसला तरी चालतं. काय विचारायचं ते तुझ्या हातात आहे. उत्तर काय यावं ते नाही."

त्यांचा प्रयोगशाळेतला नियम एकच होता. आलं ते लिहायचं. कुणाचं पाच पॉइंट नऊ आलं तर त्या खोडायला लावत नसत, का आलं ते शोधायला लावत. ती माझी चांगली वर्षं. मग मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी ढुंढिराज सर आले.

ढुंढिराज सर वाईट नाहीत. पंचवटीतल्या पौरोहित्य करणाऱ्या घरातले, वेळेवर येणारे, आवाज न चढवणारे. त्यांना फक्त कटकट नको असते. ते आले त्याच वर्षी एका पोराच्या हातून माझी लाल काच फुटली. सर म्हणाले, "मागवू उद्या." आणि तोवर सोय म्हणून गॅदरिंगच्या दिव्यांना लावायच्या लाल जिलेटिन कागदाचा तुकडा कापून त्यांनी स्वतः खाचेत बसवला. कागदाचा रंग दोन उन्हाळ्यांत उडाला. त्यातून लालच्या नावाखाली हिरवा, निळा, हवा तो उजेड आत घुसू लागला. त्यामुळे लालचा आकडा फुगायचा आणि शेवटचं उत्तर सहा पॉइंट सहा यायचं ते चार पॉइंट दोन येऊ लागलं. सरांचा उद्या आठ वर्षं उजाडला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या पोरांनी प्रयोग केला, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? हाच माझा राग आहे. कुणी प्रयोग केलाच नाही. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे 'मास्टर जर्नल' मिळतं, म्हणजे कुण्या जुन्या हुशार पोराच्या प्रयोगवहीची प्रत. पोरं ती घेऊन माझ्यासमोर बसायची, आधी खाली उत्तर लिहायची आणि मग तिथून वर वर चढत रीडिंग भरत जायची. याला ते 'जुळवणं' म्हणतात. एखादा आकडा मुद्दाम थोडा चुकवायचा, म्हणजे खरा वाटतो. आठ वर्षं माझ्या खाचेत कागद होता आणि आठ वर्षं माझ्या नावावर सहा पॉइंट सहा लागत होते. ज्या विषयात न विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच नसतं असं शिकवतात, त्या विषयात तुम्ही न विचारता उत्तर लिहिलंत, मित्रांनो. माझ्यावर डबा ठेवून पोहे खाल्लेत तेही मी एकवेळ विसरेन, हे विसरणार नाही.

मग तृप्ती आली. पेठ तालुक्याकडची. तिचे वडील मंगळू दरवर्षी छाटणीला दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत जातात, घरची भात-नागली झाली की. तृप्ती तिसऱ्या वर्षाला होती. एम.एस्सी.च्या प्रवेशयादीत तिचं नाव लागलं होतं, अट एवढीच की या वर्षी सगळे विषय सुटले पाहिजेत. नाही सुटले तर जागा जाणार, आणि मग छाटणीला तिने जायचं हे घरात ठरलेलं होतं. तिच्याजवळ मास्टर जर्नल नव्हतं. तिने एका दुपारी सरळ माझं बटण दाबलं. बल्ब लागला तेव्हा मलाच नवल वाटलं.

तिचं उत्तर चार पॉइंट दोन आलं. तिने आणखी दोनदा केलं, पुन्हा तेच. ती वही घेऊन सरांकडे गेली.

"सर, सहा पॉइंट सहा येतच नाय. तीनदा केलं."

"अगं, ॲडजस्ट कर ना थोडं. लालचं रीडिंग खाली घे."

"पण काटा तिथं थांबत नाय, सर."

"काट्याचं काय घेऊन बसलीस. उत्तर माहीत आहे ना आपल्याला?"

तिने मान हलवली आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. लालचं रीडिंग तिने खाली घेतलं नाही.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. चिठ्ठी उचलायची आणि निघेल तो प्रयोग करायचा. तृप्तीच्या चिठ्ठीत मी निघाले. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेल्या बाकीच्या पोरांनी बल्बही न लावता सहा पॉइंट सहा काढले होते. तृप्ती दोन तास बसली. शेवटी तिने खाचेतून तो तुकडा ओढून काढला, उजेडाकडे धरला, नीट परत ठेवला आणि उत्तर लिहिलं, चार पॉइंट दोन. खाली तीन ओळी लिहिल्या. लाल काचेच्या जागी कागद आहे. त्यातून इतर रंगही जात असावेत. म्हणून लालचं रीडिंग जास्त येतं आणि उत्तर कमी. इंदिरा मॅडम असत्या तर त्यांनी ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं असतं.

बाहेरून परीक्षक आले होते, योगेश सर, सटाण्याकडच्या एका कॉलेजातले. पोरं गेल्यावर त्यांनी तृप्तीचा पेपर वाचला आणि माझ्या खाचेतला कागद ओढून काढला. तो बोटांत धरून म्हणाले, "ढुंढिराज सर, हे काय आहे?"

"काच मागवायची आहे."

"मग या बाकीच्या अकरा जणांचं सहा पॉइंट सहा कसं आलं?"

ढुंढिराज सरांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं. शिपायाने चहा आणून ठेवला. योगेश सर चहा पीत पेपरांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी करणार.

"हिला पूर्ण मार्क दिले," ते म्हणाले, "तर या अकरांना शून्य द्यावं लागेल. आणि का दिलं ते वर लिहून कळवावं लागेल."

"पोरांची वर्षं जातील हो."

"तेच म्हणतो मी. आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे येणार परीक्षक म्हणून. आमच्याकडचीही काही उपकरणं अशीच आहेत. तुम्ही सांभाळून घ्याल."

दोघं हसले. मोठ्याने नाही, कामं आटोपल्यावर माणसं हसतात तसं. मग योगेश सरांनी तृप्तीच्या उत्तरावर लाल शाईने फुली मारली. वीसपैकी सात. पास व्हायला आठ लागतात. माझ्यात तेव्हा वीज असती तर मी दोघांना झटका दिला असता.

निकाल लागला आणि तृप्तीची एम.एस्सी.ची जागा गेली. तिचे वडील मंगळू एकदा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या होत्या.

"सर, पोरीचं काय चुकलं?"

"उत्तर चुकलं तिचं. या, बसा."

"तिनं खोटं लिवलं काय?"

"तसं नाही. खोटं नाही."

"मंग ती तं म्हन्ते, आलं तेच लिवलं."

सरांनी टेबलावरची पट्टी उचलली, सरळ केली, पुन्हा ठेवली. "काका, तुम्हाला नाही समजायचं ते. तिला एवढंच सांगा, ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा आहे. पुस्तकात आहे तसं लिही म्हणावं. पास होईल."

"सांगतो, सर," मंगळू म्हणाले. त्यांनी हात जोडले आणि गेले. शिकलेल्या माणसाने सांगितलेलं ते घरी जाऊन शब्द न चुकवता सांगणार, हे मला दिसत होतं.

तृप्तीच्या त्या तीन ओळींचा एक परिणाम मात्र झाला. सर घाबरले. पुढच्या परीक्षेला भलताच परीक्षक आला तर काय, म्हणून त्यांनी दोन महिन्यांत नवी पेटी आणवली. चारही काचा चोख, मीटर डिजिटल. माझ्या अंगावर खडूने 'निकामी' लिहिलं आणि मला कपाटावर चढवलं. तो कागद अजून माझ्या खाचेतच आहे.

ऑक्टोबरच्या परीक्षेला तृप्ती आली ती दिंडोरीच्या बागेतून, एक दिवसाची सुट्टी घेऊन. छाटणीच्या कात्रीने तिच्या बोटांना घट्टे पडले होते. चिठ्ठीत तिला पुन्हा तोच प्रयोग निघाला. ती नव्या पेटीसमोर जाऊन बसली आणि मला वरून सगळं दिसत होतं. ती पेटी खरी होती. या वेळी आलं ते लिहिलं असतं तरी उत्तर बरोबर आलं असतं. फक्त बटण दाबायचं होतं.

तिने बटण दाबलं नाही. पेन उघडलं, पानाच्या तळाशी लिहिलं, सहा पॉइंट सहा. मग तिथून वर चढत ती रीडिंग भरत गेली. एक आकडा मुद्दाम थोडा चुकवला. दहा मिनिटांत तिचं झालं, आणि उरलेला वेळ ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ढुंढिराज सर मागून आले, पान पाहिलं आणि म्हणाले, "बघ, आलं की नाही बरोबर?"

"हो, सर," तृप्ती म्हणाली.

तिला वीसपैकी अठरा मिळाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. पत्रा आहे मी, भंगारात गेले तरी माझं काही जात नाही. जपायचं होतं ते आलं ते लिहिणाऱ्या त्या पोरीला. ते तुमच्याने झालं नाही, माझ्याने तर होणारच नव्हतं. निदान तुमच्या शाळेत, कॉलेजात जी पेटी असेल तिचं बटण एकदा दाबा, आणि काय येतं ते बघा.

तृप्ती पुढच्या जूनमध्ये एम.एस्सी.ला जाईल. हुशार आहे, पहिल्या वर्गात सुटेल. मग कुठल्यातरी कॉलेजात शिकवायला लागेल, आणि एखाद्या दुपारी एक मुलगी वही घेऊन तिच्यासमोर उभी राहील आणि म्हणेल, मॅडम, उत्तर येतच नाही. तेव्हा ती तिला काय सांगेल, याची मला भीती वाटते.