सामान जमा

"गंज रिकामा करा," साहेब म्हणाले.

"पोरं जेवून राह्यली," बायनाबाई म्हणाली आणि गंजातून, त्या मोठ्या पातेल्यातून, आणखी एक डावभर खिचडी समोरच्या ताटलीत वाढली.

"आम्हाला अजून दोन गावं करायची आहेत."

"मंग करून या. वापस जाताना घेऊन जा."

आरमोरीत राइस मिलच्या मागच्या वस्तीत हे पाळणाघर होतं. मिलमध्ये आणि धानाच्या रोवण्यावर जाणाऱ्या बाया सकाळी पोरं इथे सोडत. नवरा गेल्यावर बायनाबाई इथे कामाला लागली आणि तिचे केस इथेच पिकले. आता मिसरूड फुटलेल्या कितीतरी पोरांची नाकं तिने पुसली होती. त्या साली राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला. काटकसर कुठून करायची यावर मुंबईत पुष्कळ खल झाला आणि थोरामोठ्यांची नजर फिरत फिरत या पाळण्यांवर येऊन थांबली. अनुदान बंद, सामान जमा. ते न्यायला साहेब जिल्ह्याहून नव्या जीपमधून आले होते. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं.

साहेब रुमालाने मान पुसत उभे राहिले. खुर्ची होती, पण तिच्यावर पोरांची लंगोटं वाळत होती. बायनाबाईने ती उचलली नाहीत.

"हे वरचं धोरण आहे, बाई. मी काही माझ्या घरी नेत नाही."

"घरी नेलं असतं त समजलं असतं. एखादं पोरगं तरी निजलं असतं त्यात. कुठी ठेवान हे?"

"गोदामात."

"कोनासाठी?"

साहेब शिपायावर ओरडले, "इसरू, उचल लवकर!"

इसरू एकेक पाळणा बाहेर नेऊ लागला. शेवटच्यात मिलमधल्या तहसीनची इकरा झोपली होती, तोंडात अंगठा घालून. इसरूने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मुलीला उचला, बाई."

"तुमीच उचला. सरकारी काम आहे ना?"

साहेबांनी हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. पोरगी ओली होती. एवढ्या मोठ्या राज्याची काटकसर करायला निघालेला माणूस, पण एका मुतलेल्या लेकराला त्याचा हात लागेना. शेवटी बायनाबाईनेच तिला खांद्यावर घेतलं. पाळणा गेला. गंज अजून कोमट होता, तोही गेला. खोलीला कुलूप लागलं.

"सहकार्याबद्दल आभारी आहे," साहेब म्हणाले.

बायनाबाई पोरीचं तोंड पुसत राहिली.

संध्याकाळी मिल सुटल्यावर तहसीन आली. तिचा नवरा आरिफ घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर होता, महिन्यातून एकदा यायचा.

"बाई, मिलमध्ये पोरगी आनू देत नाईत. घरी सास नाई, कोनी नाई. कोनाजवळ ठेवू?"

"माझ्याजवळ ठेव" हे बायनाबाईच्या ओठावर आलं होतं. पण तिचंही मानधन बंद झालं होतं. सकाळी तिलाही रोवण्यावर जायचं होतं. तिने पोरगी आईच्या कडेवर दिली. स्वतःच्या गप्प बसण्याचा तिला साहेबांइतकाच राग आला.

दुसऱ्या दिवशी भाकर बांधून ती बायांबरोबर निघाली. तहसीनच्या दाराला कुलूप होतं आणि आत इकरा रडत होती. बायनाबाईने खाली बसून दाराच्या फटीला डोळा लावला. चुलीकडे जाऊ नये म्हणून पोरीची कंबर ओढणीने खाटेच्या पायाला बांधली होती.

"काऊन रडतं वं, माय? मी आहो ना इथी."

आवाज ओळखून पोरगी थांबली. बायनाबाई उठली तशी पुन्हा रडू लागली.

पुढे गेलेल्या बायांनी हाक मारली, "बायनाबाई, चाल ना वं! मुकादम दुसरीले घेऊन घेईल."

"घेऊ दे. जा तुमी."

तेवढ्यात शेजारच्या बंद दाराआडून पाळणाघरातला बुधूही, माधवीचा पोरगा, रडायला लागला. बायनाबाईने भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही कुलपांच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून ती चिखलातच बसली. एकदा या दाराकडे, एकदा त्या दाराकडे तोंड करून ती मोठ्याने बोलत राहिली.