थरथर कोणाची

"हात हलवू नको म्हणून सांगितलं नाही का तिला?" डॉक्टर योगेंद्रांनी ईसीजीचा कागद टेबलावर आपटला. "कुछ नहीं, घबराट आहे नुसती. गोळी लिहिली आहे, घरी पाठव."

ज्योत्स्नाची कानशिलं तापली. बुऱ्हाणपूरच्या त्या दवाखान्यात ती नऊ वर्षं ईसीजी काढत होती. कागदावर बारीक रेघेऐवजी जाड, केसाळ पट्टा उमटला होता, हे खरं. पण माणूस थरथरलं की रेघ कशीही वेडीवाकडी होते. ही करवतीच्या दात्यांसारखी एकसारखी होती. ही थरथर खोलीतल्या विजेची होती, बाईची नव्हे.

आतल्या खाटेवर निंबोल्याच्या सोजरबाई निपचित पडल्या होत्या. केळीच्या बागेत काम करताना महिनाभरात तीनदा त्या चक्कर येऊन कोसळल्या होत्या.

"बेटा, मी हालली बी नाही," त्या पुटपुटल्या. "श्वास बी धरून होती."

"माहीत आहे, मावशी. खुशाल श्वास घ्या."

ज्योत्स्नाने त्यांचं मनगट धरलं. ठोका फार उशिरा उशिरा येत होता. नाडी बघायला तर मशीन लागत नाही! तेवढंही कुणी केलं नव्हतं.

तिने कूलर बंद केला, मशीन बॅटरीवर घेतलं. पट्टा थोडा बारीक झाला, पण गेला नाही. चिमटे काढून कातडी स्पिरिटने पुसली, नवी जेली लावली. तरी तेच. मग ती एकेक तार बोटांनी चाचपत गेली. उजव्या पायाची काळी तार चिकटपट्टीखाली आतून तुटलेली होती. हीच तार बदला म्हणून तिने दोनदा अर्ज दिला होता आणि दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, "चलता है."

"चलता है म्हणे!" ती एवढ्या जोरात म्हणाली की सोजरबाई दचकल्या.

कपाटात त्याच बनावटीचं एक बिघडलेलं मशीन पडून होतं. त्याची तार काढून तिने जोडली. रेघ स्वच्छ उतरली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय एक, खालच्यांची दुसरीच. आणि खालचे ठोके मिनिटाला जेमतेम छत्तीस.

डॉक्टरांसमोर दुसरा पेशंट बसला होता. ती थांबली नाही.

"सर, ही बघा तुमची घबराट."

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच फोन उचलून इंदूरला न्यायला अॅम्ब्युलन्स मागवली. मग हळूच म्हणाले, "तो पहिला कागद फाडून टाक."

"नाही फाडणार. दोष तारेचा होता आणि बोल बाईंना लावलात. आत येऊन त्यांना सांगा, त्या हलल्या नव्हत्या म्हणून."

डॉक्टर आले नाहीत. ते ज्योत्स्नानेच सांगितलं. मग पहिल्या कागदावर लाल शाईने लिहिलं, 'रुग्ण हलली नव्हती, तार तुटलेली होती', खाली सही केली आणि तो फाइलला लावला.

दोन दिवसांनी इंदूरला सोजरबाईंना पेसमेकर बसला. इकडे मशीनला नवी तारही आली. माफी मात्र कुणीच मागितली नाही, आणि त्याचा राग ज्योत्स्नाच्या मनातून आजही गेलेला नाही.