सिस्टरची पेशंट

प्रसूती विभागात चौतीस वर्षं काढल्यामुळे सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं, आणि नवराही त्याला अपवाद नव्हता. नवरा बायकोला सिस्टर म्हणतो हे ऐकून नवखी माणसं चपापत. त्या दोघांना मात्र त्यात काही वावगं वाटत नसे.

निवृत्तीनंतर दोघांनी शहरातला फ्लॅट भाड्याने दिला आणि वस्तीबाहेर दोन खोल्या, एक विहीर आणि अर्धा एकर जमीन घेतली. आपलं पिकवायचं, आपलं खायचं, एवढा साधा बेत. मुलीने बजावलं होतं, "आई, वर्षभर काय ती हौस करा. नाही जमलं तर मुकाट्याने परत यायचं."

वर्ष संपायला महिना उरला होता. पालक आणि भोपळे बरे आले होते, टोमॅटोंचा किडीने फडशा पाडला होता आणि पाचपैकी चार कोंबड्या मुंगसाने नेल्या होत्या. चौथी गेली त्या दिवशी सिस्टरनी निकालच देऊन टाकला. "ही पाचवी गेली तर बोजाबिस्तरा आवरायचा. एक कोंबडी सांभाळता येत नाही, आणि म्हणे स्वावलंबन!"

आणि नेमकी पाचवीच आजारी पडली. खाईना, हलेना, पिसं फुलवून एका जागी बसून राहिली. छाती हाताला गरम लागत होती आणि तिथली पिसं गळून गेली होती. सिस्टरनी तिला न्हाणीघरात धुण्याच्या टोपलीत वेगळं ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने पाणी पाजायला सुरुवात केली. पेशंटने दोनदा त्यांच्या मनगटाचा लचका तोडला.

"सिस्टर, पेशंट काय म्हणतेय?" नवऱ्याने दाराआडून विचारलं.

"लक्षण काही ठीक दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना परत जायचं नव्हतं. हे नवऱ्याला ठाऊक होतं, पण बोलून दाखवायची दोघांचीही छाती होत नव्हती.

चौथ्या दिवशी शेजारची दूधवाली आपली बादली न्यायला आली. टोपलीत डोकावली आणि पोट धरून हसत सुटली.

"अहो ताई, कसला आजार घेऊन बसलात! खुडूक बसलीय ती. तिला पिल्लं हवीत."

सिस्टरनी हातातला ड्रॉपर खाली ठेवला. "चौतीस वर्षं बाळंतिणींमध्ये काढली मी," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याच घरातली मला ओळखू येऊ नये!"

त्यांच्याकडे कोंबडा तर कधी नव्हताच, म्हणून दूधवालीने आपल्याकडची नऊ अंडी आणून दिली. जाताना ताकीद दिली, "फुटायला लागली की हात लावायचा नाही. अडलं तरी नाही."

एकविसाव्या दिवशी सकाळी पाच पिल्लं बाहेर आली. सहाव्या अंड्याला भोक पडलं आणि काम तिथेच थांबलं. आतून चोच दिसे, थोडी हले, पुन्हा स्तब्ध होई. सिस्टरचे हात शिवशिवत होते. अडलेली बाळंतीण समोर आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि तशाच उकिडव्या बसून राहिल्या. तास गेला, दीड तास गेला. पायांना मुंग्या आल्या. कोंबडी मात्र निवांत होती. तिला कसलीच घाई नव्हती.

दुपारी कवच उघडलं आणि ओलंचिंब पिल्लू बाहेर लोळलं. जरा धापा टाकत पडलं, मग आपलं आपण आईच्या पंखाखाली सरकलं. सिस्टर रडल्या, हसल्या आणि पुन्हा रडल्या.

नवरा फोन हातात धरून दारात उभा होता. "मुलगी आहे. विचारतेय, महिनाअखेर टेम्पो सांगू का?"

सिस्टरनी पदराने नाक पुसलं.

"तिला म्हणावं, आम्हाला येता यायचं नाही. घरात बाळंतीण आहे."