गिलजाबाईंच्या थरथरत्या बोटाचा कळफलक

आमच्या विजेच्या सामानाच्या सेऊन बाजारात एक फेरी मारली की पाणबुडीचं सगळं सामान गोळा होतं, असं सोल शहरात म्हणतात. मी ती पाणबुडी बनवलीसुद्धा आहे. चौथ्या मजल्यावर. जिन्यात अडकली, म्हणून मोडून तिच्या इस्त्र्या विकल्या. चाळीस वर्षं हे सांगतोय आणि लोक चाळीस वर्षं हसतायत. हल्ली मात्र ते काचेपलीकडून हसल्यासारखे दिसतात. फेब्रुवारीत माझी बायको, ओकबुन, वारली. मी घरातून निघताना ती मला दारात अडवून वरपासून खालपर्यंत बघायची, मगच सोडायची. रडू आलं नाही. अजूनही नाही.

मे महिन्यात माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक नो गिलजाबाई दुकानात आल्या. बहिऱ्या मंडळींची दर शनिवारी सभा भरते. तिथे बोललेला शब्दन्‌शब्द बाई तिथल्या तिथे टाइप करतात आणि तो पडद्यावर उमटतो. एकवीस वर्षं हेच काम. आता उजवा हात थरथरायला लागला होता. एकदा दाबलेलं अक्षर चारदा उमटायचं.

"मा शेठ, परवा सचिव नुसतं 'बसा' म्हणाले, तर पडद्यावर 'बबबबसससस' अशी आगगाडी गेली."

"मग बसले का लोक?"

"डबे मोजत उभे राहिले. चेष्टा पुरे. या शनिवारी पुन्हा तसं झालं तर माझ्या जागी यंत्र येतंय. या हाताला चालेल असा कळफलक द्या."

कळ दाबली की आतले धातूचे पत्रे एकमेकांवर आपटून क्षणभर नाचतात. चांगल्या बोटाचंही तसंच. त्यातला एकच ठोका धरायचा, हे कळफलकातल्या प्रोग्रामला शिकवावं लागतं. त्याच्या रीती दोन. एक, नाच थांबेपर्यंत वाट बघायची आणि सगळं शांत झालं की अक्षर द्यायचं. दुसरी, पहिल्याच ठोक्याला अक्षर द्यायचं आणि मग थोडा वेळ कान बंद करून बसायचं.

मी पहिली निवडली. सावध रीत आहे, ओझरत्या धक्क्याला दाद देत नाही. बाईंच्या हातासाठी वाट बघायचा वेळ सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा ताणला.

गुरुवारी बाईंनी कळ दाबली. पडदा कोरा. पुन्हा दाबली. कोराच.

"बंद आहे का हो?"

"चालू आहे. तुमचं बोट शांत व्हायची वाट बघतोय."

"मग मला शवपेटीत घालेपर्यंत बघत बसेल तो!"

खरंच होतं. थरथर थांबतच नव्हती, म्हणून अक्षर येतच नव्हतं. बाई पिवळं खरबूज सोलत बसल्या आणि मी प्रोग्राम बदलला.

"आता पहिला ठोका घेईल. त्या कळीचे पुढचे ऐकणारच नाही. फक्त बोट चुकून शेजारच्या कळीला लागलं, तर तेही उमटणार."

"उमटू दे. माझ्या चुका माझ्या नावावर. आणि याचे कान उघडतात कधी?"

"आपोआप. सेकंदाच्या पाचव्या भागात."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "कळफलकाचे तरी उघडतात होय," म्हणाल्या आणि फोड पुढे केली. मी खाल्ली. गोड असावी.

शनिवारी मी शेवटच्या रांगेत बसलो. बाईंची बोटं धावत होती. मधूनच एखादं भलतं अक्षर माशीसारखं येऊन बसायचं. लोक त्याच्या शेजारून पुढे वाचायचे. तासाभराने सचिव म्हणाले, "यंत्र नको. पुढच्या शनिवारी गिलजाबाईच." तेही पडद्यावर उमटलं. ऐंशी जणांनी हात वर करून हलवले, ती त्यांची टाळी.

सभा संपली. सगळे गप्प होते, तरी पडद्यावर एक ओळ आली:

"शेवटच्या रांगेतल्या मा शेठनी जाकिटाची बटणं चुकीची लावली आहेत. फेब्रुवारीपासून."

ऐंशी माना मागे वळल्या. मी खाली पाहिलं. खरंच एक बटण वर चढलं होतं. सगळी काढून पुन्हा लावायला घेतली. पहिलं लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला माझी बोटं थरथरायला लागली, आणि बटण काही काजात जाईना.

कुणालाच घाई नव्हती. सगळे बसून राहिले.