बारावा भाग नसलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, पण माझी कीव करायची नाही. जिला पुसायला निघाले होते ती मी, आणि अजून वाजते आहे!

इजिप्तमधल्या पोर्ट सैदच्या बाजारातून मला रतीबाने आणले. ती शिवणकाम करायची. रमजानात ईदच्या कपड्यांमुळे तिला मान वर करायला फुरसत नसे आणि इफ्तारनंतर लागणारी ‘बंद लिफ्ट’ ही विनोदी मालिका तर तिला हवीच होती. म्हणून ताटे वाढण्याआधीच मालिका माझ्यात भरायला ती यंत्र सुरू करून ठेवी. त्यामुळे रोजच्या भागाआधी, सूर्य मावळला, रोजा सोडा, हे सांगायला टीव्हीवर उडणारी इफ्तारची तोफही माझ्यात भरली गेली.

असे अकरा भाग झाले. बाराव्या दिवशी त्या जागी गाणी लागली. मालिकेतल्या लबाड घरमालकात कुणा बड्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसला होता म्हणे. वाहिनीने आपल्याकडच्या सगळ्या टेपा पुसल्या.

"बंद पडलेल्या मालिकेसाठी नवी कॅसेट अडकवून ठेवणार?" रतीबाचा नवरा शौकी म्हणाला.

"बंद पडली नाही, पाडली," ती म्हणाली आणि कात्रीच्या टोकाने माझ्या कडेची छोटी पट्टी तिने कट्‌कन मोडली. ती पट्टी नसली की माझ्यावर दुसरे काही भरता येत नाही. मला दुखले नाही. उलट त्या दिवशी मी मोठी झाले.

मग मी घरोघर फिरले. माझ्यातले संवाद भाजीवालेसुद्धा बोलू लागले. मला फार फार अभिमान वाटे.

पुढच्या रमजानात मात्र घात झाला. ढगाळ संध्याकाळ होती. शिवणयंत्राच्या खडखडाटात ऐकू यावे म्हणून रतीबाने आवाज चढवून मला लावले. खिडक्या सताड उघड्या होत्या. माझ्यातली तोफ धडाडली आणि उपाशी गल्लीत घड्याळाकडे कोण बघतो! शौकी झोपेतून उठून जर्दाळूचे सरबत घटाघटा प्यायला. जिन्यावरच्या प्रत्येक घरात खजूर तोंडात गेले. वीस मिनिटांनी खरी तोफ उडाली.

"अख्ख्या गल्लीचा रोजा बुडवला या डबड्याने!" शौकी ओरडला. त्याने माझ्या मोडक्या पट्टीच्या जागी चिकटपट्टी लावली आणि फुटबॉलचा सामना भरायला मला यंत्रात ढकलले. मी भ्याले, मित्रांनो. माझ्यासारखी दुसरी कुठेच उरली नव्हती.

तेवढ्यात शेजारचे हाजी मितवल्ली धापा टाकत वर आले. "कुठे आहे ती तोफ? आत्ताच्या आत्ता पुसा!"

"पुसा ना," रतीबा म्हणाली, "पण काय पुसताय ते आधी बघा." तिने शौकीचा हात बाजूला सारून मला सुरू केले. पडद्यावर लिफ्टमध्ये अडकलेला घरमालक स्वतःच्याच भाडेकरूंना हाका मारत होता, आणि एकेक भाडेकरू आतून दाराला कडी लावत होता. हाजींची दाढी हलू लागली. मग पोट हलू लागले. शेवटी ते जमिनीवर बसले.

"रोजा ईदनंतर भरून काढता येईल," डोळे पुसत ते म्हणाले. "हे पुसलं तर कुठून भरून काढणार? शौकी, ती चिकटपट्टी काढ बाबा."

शौकीने ती स्वतःच्या हाताने काढली.

आज रतीबाच्या नातीने माझी नक्कल मोबाइलवर सोडली आहे. मालिका बंद झाली तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरे ती बघून हसत लोळतात. परवा वाहिनीचा माणूस आला. गोड बोलून म्हणाला, "आजी, आम्ही पुन्हा दाखवतो. फक्त त्या तोफा तेवढ्या कापू."

"एकदा कापलंत तेवढं पुरे," रतीबा म्हणाली. "दाखवायचं तर तोफेसकट दाखवा."

मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. तुम्हाला जे मनापासून आवडले, ते पुसायला उद्या कुणी येईल. तो यायच्या आत पट्टी मोडून ठेवा.